एका हिराएवढी जागा

सगुणदादा, आता तरी गप्प बसा. कोरगावला तुमच्या बाराव्याला जाऊन मी काल डिचोलीला परत आले, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेस्तोवर तुम्ही सुरू झालातच. "सांगला असता तर आयकला असतंस गो बाय?" माणूस गेला की त्याचा आवाज हळूहळू विसरायला होतो म्हणतात. तुमचा कुठला विसरायला! पंचवीस वर्षं दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तुम्ही मला हा एकच प्रश्न विचारलात आणि पंचवीस वर्षं मी एकच उत्तर दिलं, "सांगून तर बघायचं होतंत. ऐकलं असतं." मग तुम्ही हसायचात, तुमची बायको, आमच्या शालनवयनी, माझ्या ताटात आणखी एक नेवरी, आपली करंजी, टाकायच्या आणि आपला वाद पुढच्या वर्षावर जायचा. पुढचं वर्ष असणारच, असं दोघंही धरून चाललो होतो.

आज तो वाद मिटवायला बसले आहे. ज्यांना आपली गोष्ट ठाऊक नाही त्यांनाही कळावी म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळी पाठ आहे, पण मध्ये बोलू नका.

तुयेंच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला आपली ती लहानशी प्रयोगशाळा होती. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याच्या छपराचं प्राणीगृह, आणि त्यात पांढरे उंदीर. काम एकच, कातडीचं कलम. माणूस खोलवर भाजला की त्याच्याच अंगावरची दुसरीकडची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. ती रुजली तर हात वळतो, बोटं उघडतात. नाही रुजली तर काळी पडून सुटून येते आणि माणूस पुन्हा उघडा पडतो. ती कशी लावावी, कशी बांधावी म्हणजे रुजेल, हे आम्ही आधी उंदरांवर शिकत होतो. मी गुरांची डॉक्टर, वय सव्वीस, आणि राग जन्मापासून नाकावर. या कामाला मी आले ती माझ्या आत्यामुळे. काजूच्या भट्टीवर तिचा उजवा हात भाजला होता. लावलेली कातडी धरली नाही, बोटं आखडली ती आखडलीच. तिला डाव्या हाताने जेवताना पाहतच मी मोठी झाले. तेव्हा हे कलम जमवायचंच, अशी जिद्द होती, आणि जिद्दीबरोबर येतो तो सगळा आगाऊपणाही होता.

तुम्ही प्राणीगृहाचे राखणदार. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपाणी. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण मी तुम्हाला नुसतं 'सगुण' म्हणायचे. तसं सगळेच म्हणायचे म्हणून मीही. पहिल्याच दिवशी पाहिलं, पिंजरा उघडायच्या आधी तुम्ही त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचात. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या घरात शिरतना दार वाजवूचा नाय?" मला हसू आलं. पण तुमच्या हाताखालचे उंदीर चावत नव्हते आणि माझ्या हाताखालचे चावत होते, हे मला लगेच दिसायला हवं होतं. उंदरांच्या शेपटीवर आम्ही शाईने आकडे घालायचो. तुम्ही नावं ठेवायचात. ताठ मानेने बसणाऱ्या एकाला तर तुम्ही 'सर' म्हणायचात, आणि आमचे खरे सर, म्हणजे पुण्याहून आलेले आमचे प्रमुख, दारात उभे असतानाही ती हाक मारायला कचरायचा नाहीत.

आता अडचण काय होती ती सांगते. उंदराला भूल देऊन पाठीवरचा कातडीचा तुकडा काढायचा, बाजूला तयार केलेल्या जखमेवर बसवायचा, कडेने टाके घालायचे आणि टाक्यांचे दोरे लांब ठेवायचे. वर औषधाची जाळी, जाळीवर कापसाची गादी, आणि समोरासमोरचे दोरे त्या गादीवर बांधायचे. म्हणजे गादी कातडीला खाली दाबून धरते. दाब कमी पडला तर खाली रक्त-पाणी साचतं आणि कातडी तरंगते. दाब जास्त झाला तर तिचा जीव गुदमरतो. पुस्तकात लिहिलं होतं, घट्ट आणि सारखं बांधा. मी बांधलं. अहो, तांदळाचं पोतं शिवावं तसं बांधलं. संध्याकाळी सगळं झकास दिसायचं. दुसऱ्या दिवशी मी दहाच्या सुमारास यायचे तर निम्मे उंदीर पाठ फुगवून कोपऱ्यात, खाण्याला तोंड लावलेलं नाही. आठवड्याने गादी सोडली की खाली कडेने काळं. काही मरायचेही. मी औषधं बदलली, दोरा बदलला, साबण बदलला. एकदा तर तुमच्यावर ओरडले, भुसा नीट वाळवत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "भुसो बरो आसा बाय." एवढंच.

आणि मग त्या पावसाळ्यात अचानक जमायला लागलं. एका तुकडीतली बहुतेक कलमं धरली. गादी सोडली तर खाली गुलाबी, कोवळी, ओली कातडी. पुढच्या तुकडीतही तेच. मी किती नाचले ते तुम्ही पाहिलंत. नवा दोरा आणला होता, त्याचाच हा गुण, असं मी ठरवूनही टाकलं. सरांना सांगितलं, कागदावर मांडायला घेतलं, डिचोलीच्या बाजारातून खाज्याचा पुडा आणून सगळ्यांना वाटला. तुम्ही एकच खाजं उचललंत, खाली बघत चावत राहिलात आणि म्हणालात, "ग्वाड आसा." मला वाटलं, लाजताय.

मग तो दिवस आला. माझ्या मामांना पेडण्याला सोडायचं होतं म्हणून मी पहिल्या बसने निघाले आणि साडेसहालाच तुयेंला पोचले. प्राणीगृहाचं दार उघडं. तुम्ही स्टुलावर बसलेले, मांडीवर पंच्यात गुंडाळलेला उंदीर, बाजूला उकळलेल्या पाण्यात माझाच चिमटा, आणि तुम्ही माझी आदल्या दिवशीची गाठ सोडून नव्याने बांधत होता.

सगुणदादा, त्यानंतर मी काय काय बोलले ते मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे. शब्दन्शब्द आठवतो. "कोणाला विचारून हात लावलात? तुम्ही डॉक्टर आहात का? माझ्या सगळ्या कामाची माती केलीत!" तुम्ही आधी उंदराला पिंजऱ्यात नीट ठेवलंत, दार लावलंत, मग म्हणालात, "विचारूचा कोणाक? तुमी धा वाजता येतात. हेच्या डोळ्यांतसून पहाटेपासून तांबडा पाणी येता. जीव घुसमटता हेचो." मी म्हटलं, "म्हणजे आधीच्या तुकड्यांतही?" तुम्ही मान हलवलीत. जी कलमं धरली होती त्यातली एकही माझ्या गाठीने धरली नव्हती.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. नवा दोरा, नवी पद्धत, सरांपुढची बढाई, सगळं साफ. आधीच्या दोन तुकड्यांची नोंद फेकून द्यायची, कारण कुठली गाठ कोणाची हे कोण सांगणार? मी तिथेच मेजापाशी बसून सरांच्या नावे तक्रार लिहिली. राखणदार प्रयोगात परस्पर हस्तक्षेप करतो, विश्वास ठेवता येत नाही, वगैरे. माझं अक्षर रागात फार सुरेख येतं. सर दहाला आले, त्यांनी वाचलं आणि तुम्हाला सांगितलं, निर्णय होईपर्यंत घरी राहा. तुम्ही किल्ल्या खिळ्याला लावल्यात, छत्री घेतलीत आणि दारातून वळून मला म्हणालात, "चार नंबराच्या उंदराचो दात मोडलो आसा. ताका खाणा भिजवून द्या." आणि चालत कोरगावच्या वाटेला लागलात.

तुम्ही एकोणीस दिवस घरी होता. बदली माणूस मिळेना, तेव्हा पिंजरे माझ्या गळ्यात पडले. डिचोलीहून पहिली बस, म्हापशाला बदल, तुयेंला उतरून चिखलातून चालत. पहिल्या दिवशी बालदी उचलताना पाठ धरली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं, उंदराच्या डोळ्यांभोवती तांबडं पाणी. रक्त नव्हे, त्यांना त्रास झाला की तसलं पाणी डोळ्यांतून येतं. ते स्वतःच चाटून पुसून टाकतात. दहा वाजता येणाऱ्या डॉक्टरीणबाईला ते कधी दिसणार! मी पुस्तकात वाचलं होतं त्याबद्दल. वाचलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

मग डोकं चालू झालं. जखम झाली की दुसऱ्या दिवशी ती जागा सुजते, हे तर कोणीही सांगेल. मी संध्याकाळी बांधायचे ती गाठ संध्याकाळच्या अंगाला बरोबर होती. पहाटेपर्यंत अंग सुजायचं, गाठ तेवढीच राहायची, आणि दोरा कातडीत रुतायचा. तुम्ही ती सैल करत होता. बरं, म्हणून मी सैल बांधून पाहिलं. तर गादी हलली, कातडी सरकली, सगळं गेलं. थोडं घट्ट केलं, पुन्हा काळं. अंदाजाने कधी जमे, कधी नाही. तुमच्या हातचे जे शिल्लक होते त्यांच्या गाठी मी भिंग लावून पाहिल्या. प्रत्येक गाठीखाली जागा होती, आणि दर वेळी तेवढीच. पाठीवरच्या कलमावर बारीक केसही यायला लागले होते. नुसतं भिंगातून बघत बसण्यात अर्थ नव्हता. मला तुमच्याकडे येणं भाग होतं.

चवथीच्या आदल्या दिवशी मी कोरगावला आले. शालनवयनींनी मला ओळखलं नाही, ओळखलं तेव्हा त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. तुम्ही आत चौकीवर चढून माटोळी बांधत होता. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट, आणि खाली ढीग: नारळ, पोफळाचे घोस, तोरिंजन, निरफणस, रानातली कांगणां, मधोमध खरबुजासारखा चिबूड. तुमच्या हातची माटोळी आसपासच्या वाड्यांतून लोक बघायला येतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! तुम्ही वरूनच बघितलंत. ना बस म्हणालात, ना का आलीस म्हणालात. म्हणालात, "तो हीर दी गो हांगा."

खराट्याचा एक हीर, माडाच्या पानाची ती बारीक कडक काडी. मी दिली. तुम्ही चिबडाच्या देठाभोवती दोर घेतलात, देठ आणि दोर यांच्यामध्ये हीर आडवा ठेवलात, हिरासकट करकचून गाठ मारलीत, आणि मग हीर अलगद ओढून काढलात. "बगलंस? आज ह्यो चिबूड कवळो. परवा पिकतलो, फुगतलो. आज घट्ट बांधशी तर देठ कापतलो आणि थेट गणपतीच्या कपाळार." मग हसलात. "माज्या काकान एकदा बांधलल्यान. दीड दिसात मोदकांच्या ताटात. घरभर चिबूड." मी विचारलं, "आणि सैल बांधला तर?" तुम्ही म्हणालात, "सैल मगे झोपाळो. गाठ आजच्या फळाक मारुची नाय. फाल्याच्या, म्हणजे उद्याच्या फळाक मारुची. एक हीर जागा सोडूची, चड नाय, उणी नाय."

मी कोरगावच्या त्या घरात तुमची चौकी धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. ही जागा रोज तेवढीच येत होती, कारण तिचं माप होतं. तुम्ही अंदाजाने काही करत नव्हता. तुम्ही खिशात हीर घेऊन कामावर येत होता!

मग मी काय म्हणाले? तुम्हाला आठवतं. "पिंजरे घाण झालेत. चवथ झाली की या." ही माझी क्षमा. याहून जास्त माझ्या तोंडातून आलं नाही. माझ्या बाबांनी पण कधी कोणाची माफी मागितली नाही, ते रक्तातच आहे, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिले. तुम्ही म्हणालात, "चार नंबर बरो आसा?" मी म्हटलं, "भिजवून घालते त्याला." तेव्हा कुठे शालनवयनींनी मला चहा दिला आणि बरोबर उंडा, म्हणजे गोल पाव, तोही कालचा. त्या दिवसापासून मी तुम्हाला दादा म्हणायला लागले आणि तुम्ही मला तुमीवरून तूवर आणलंत.

पुढे आपण ते सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी उघडपणे, दोघांनी मिळून. हिराचे तुकडे वाफेवर शुद्ध करून घ्यायचो. मी टाके घालायचे, गाठ तुम्ही शिकवलीत तशी. पहाटे तुम्ही डोळे बघून वहीत नोंद करायचात, तांबडं की साफ. वहीतला तो रकाना तुमच्यामुळे आला. सरांनी तक्रारीचा कागद माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, याचं काय ते तुम्हीच करा. मी फाडला. तुम्हाला तेही कधी सांगितलं नाही. कलमं धरू लागली, उंदीर मरेनासे झाले, आणि एक दिवस तुम्ही माझ्या मेजापाशी येऊन उभे राहिलात. "बाय, आता मरणत नाय, मगे येवढे कशाक मागवतंस?" खरंच की! मेलेल्यांची भरपाई म्हणून आम्ही दर वेळी जास्त मागवत होतो. पुढच्या खेपेला मी निम्मेच मागवले. या एका प्रश्नाने किती जीव वाचले असतील ते मोजायला बसले नाही, पण तुम्हाला त्याचं पुण्य लागलं असेल तर ते माझ्याआधी लागलं आहे.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. प्रयोग संपला की उंदरांना कायमचं झोपवावं लागे, कातडी आतून तपासायला. त्या दिवशी तुम्ही यायचा नाहीत. दर वेळी रजा. मी चिडवायचे, "बांगडे खाताना कुठे जाते ही दया?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "बांगड्याक मी नावान हाक मारूक नाय." या वादात मी कधीच जिंकले नाही. पण त्या दिवशी मी स्वतः पिंजऱ्यावर दोनदा टकटक करायला लागले. अजून करते. माझ्या हाताखालची मुलं हसतात, हसू देत. त्यांना मी दोन गोष्टी सांगते: न विचारता दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, आणि कोणी काही सांगायला आला तर आधी त्याचं ऐकायचं. पहिली गोष्ट तुमच्यासाठी, दुसरी माझ्यासाठी.

आपला लेख छापून आला तेव्हा मी तो मराठीत वाचून दाखवायला कोरगावला घेऊन आले होते. शेवटी आभारात तुमचं पूर्ण नाव. तुम्ही ते दोनदा वाचायला लावलंत, वयनींना हाक मारून तिसऱ्यांदा. मग मधली ओळ ऐकून कपाळाला आठी. "काचेची कांडी? हिराचा नाव खंय?" मी सांगितलं, हीर कमीजास्त जाडीचा असतो, म्हणून सरांनी काचेची कांडी घातली. तुम्ही म्हणालात, "मगे सरांक सांग, काचेची कांडी खराट्यात घालून आंगण झाडून बगा." वर्षभर तो हिराचा राग तुम्ही सोडला नाहीत.

आणि तीन वर्षांपूर्वी तुमच्या पायाची जखम. साखरेमुळे भरेना, शेवटी मांडीची कातडी काढून घोट्यावर लावायची ठरली. तुम्ही इस्पितळात पालथे पडून त्या कोवळ्या डॉक्टरला सांगत होता, "बाबा, एक हीर जागा सोड हां." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला बाहेर नेऊन सगळं समजावलं. चांगला पोरगा, ऐकून घेतलं त्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तुमच्या खाटेपाशी. तुम्ही डोळे मोठे करून माझ्यापुढे धरलेत. "बग, तांबडा पाणी नाय मा?" मी एवढी हसले की परिचारिका रागावली. मग मला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले. कलम धरलं, सगुणदादा. तुमच्याच गाठीने तुमचं कलम धरलं आणि त्यानंतर तीन चवथींच्या माटोळ्या तुम्ही त्या पायावर उभे राहून बांधल्यात. त्या तीन वर्षांसाठी मी कोणाचे आभार मानू ते कळत नाही. थोडे तुमचे, थोडे चार नंबरचे.

खाटेवर पडूनही तुम्ही विचारलंतच. "तेवा सांगला असता तर आयकला असतंस गो?" मी म्हटलं, "ऐकलं असतं. झोपा आता."

काल शालनवयनी मला मागच्या पडवीत घेऊन बसल्या. तेराव्या दिवसापासून काय करायचं, माणूस नसलेल्या घरात पहाटे उठून कोणासाठी चहा ठेवायचा, असं बोलत होत्या. बोलता बोलता ते एकोणीस दिवस निघाले. मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, वाड्यावर तेव्हा बोभाटा झाला होता की सगुणाने प्रयोगशाळेतलं काहीतरी चोरलं, म्हणून त्याला हाकललं. वयनी विहिरीवर जायच्या बंद झाल्या होत्या. मी विचारलं, मग दादा काय म्हणायचे लोकांना? वयनी म्हणाल्या, "हे तिठ्यार उभे रवान सगळ्यांक सांगीत, चोरूक नाय काय. पण चूक माजीच. बायन बांधलला मी सोडूचा नाय होता. आदी विचारूक होया होता. बाय बरोबर बोलली."

सगुणदादा! अख्ख्या कोरगावला तुम्ही सांगितलंत की मी बरोबर. तिठ्यावर उभं राहून. आणि मला तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलंत. पंचवीस वर्षं माझ्याशी हसत हसत भांडत राहिलात आणि माझ्यामागे माझ्या बाजूने बोलत राहिलात. मला तिथेच रडू फुटलं, पडवीत, वयनींच्या समोर, आणि त्यांनीच उलट मला पाणी आणून दिलं.

निघताना वयनींनी परसातला एक चिबूड माझ्या पिशवीत घातला. या वर्षी माटोळी नावापुरती, नारळ आणि आंब्याचे टहाळे, बांधणारा नाही म्हणाल्या. घरी येऊन मी तो स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला बांधला. खराट्यातून हीर काढला, आडवा ठेवला, करकचून गाठ मारली, हीर ओढला. आज सकाळी उठून पहिल्यांदा तेच पाहिलं. चिबूड पिकायला लागलाय, वास घरभर सुटलाय, देठ फुगून दोराला टेकलाय. रुतलेला नाही.

तर आता वाद मिटवते. त्या पावसाळ्यात एखाद्या सकाळी तुम्ही माझ्या मेजापाशी आला असतात, हात पुसत म्हणाला असतात, बाय, दुसऱ्या दिसाक अंग सुजता, एक हीर जागा सोड, तर मी काय केलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि दर चवथीला तुमच्या घरी पानावर बसून नेवरी खातानाही ठाऊक होतं. मी वहीतून मान वर न करता म्हटलं असतं, "सगुण, तुम्ही पिंजरे धुवा."

नसतं ऐकलं, दादा. बरं केलंत, विचारलं नाहीत.